वीराचा दगड

"बघून घ्या राव, परत येणं व्हत न्हाई."

उजवा हात जीपच्या बाहेर, बोट कुठल्यातरी डोंगराकडे आणि स्टिअरिंगवर एकटा डावा हात. घोडेगावहून आहुप्याला जाताना ज्यांनी त्याच्या जीपमधून प्रवास केला, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. गंमत अशी, की मागं दाटीवाटीनं बसलेली माणसं आहुप्याचीच असायची. बाजाराला खाली उतरायची आणि मीठ-मिरची घेऊन वर जायची. परत येणं होत नाही म्हणजे काय, त्यांना तर दर आठवड्याला यावंच लागायचं. तरी त्यानं बोट दाखवलं की तीसुद्धा माना वळवून बघायची, आणि जन्मापासून बघितलेला डोंगर पुन्हा एकदा निरखायची.

त्याचं नाव सांगत नाही. त्याची मुलं-सुना घोडेगावात नांदताहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. शिवाय खरं सांगायचं तर ते नाव घ्यायला माझी जीभ अजून वळत नाही.

मी तेव्हा घोडेगावला पंचायत समितीत कारकून होतो. गाव निमगाव सावा, पण आठवडाभर खोली करून राहायचं आणि शनिवारी घरी आईकडे जायचं. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. तोही म्हणायचा, पण त्याच्या तोंडी त्या शब्दात एक चिमटा असायचा. "भाऊसाहेब, तुमी कागद बघा, आमी जग बघतो." कचेरी सुटली की मी स्टँडवर त्याच्या जीपच्या बॉनेटपाशी जाऊन उभा राहायचो. त्यानं तरी कुठं जग पाहिलं होतं म्हणा, नाशिक, शिर्डी आणि एकदा सुरत. पण सुरतेचं वर्णन असं करायचा, की सुरतेच्या माणसानं ऐकलं असतं तर तो म्हणाला असता, मलाही एकदा घेऊन चला.

एकदा पुण्याची काही मंडळी आहुप्याची देवराई बघायला आली. यानं त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की इथली झाडं अमावास्येला बोलतात. ती बिचारी पुढच्या अमावास्येला टेपरेकॉर्डर घेऊन हजर. त्यांनी गावातल्या एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "आमी हितंच जल्मलो, आमच्याशी कवा बोलली न्हाईत बया. पण तुमच्याशी बोलतील, तुमी शिकल्याली माणसं." सगळं घोडेगाव महिनाभर हसत होतं.

मी त्याला म्हणालो, "कशाला खोटं बोलतोस रे?"

"खोटं कसं? नुसती झाडं बघितली आस्ती आन् गेली आस्ती. आता जल्मभर इसरायची न्हाईत."

मला ते उत्तर तेव्हा फार आवडलं होतं. जगाला बनवणारा माणूस आपल्याला मात्र बनवणार नाही, असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो, देव जाणे. तुम्हीही असा एखादा दोस्त केला असेल. केला असेल तर पुढचं नीट ऐका.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. लेहच्याही पुढं, एका खिंडीपलीकडच्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. अंत्यविधी तिकडंच उरकला. घरी आली ती त्याची पत्र्याची पेटी आणि त्या जागेचं नाव. त्याचं लग्न व्हायचं होतं. आमच्या भावकीत रीत अशी, की बिनलग्नाचा कोणी घरापासून लांब गेला, तर त्याला वीर म्हणून घरात बसवायचा. जिथं तो पडला तिथला दगड आणायचा, त्याला शेंदूर लावायचा आणि देवघरात मांडायचा. तोवर तो जीव दाराशी उभा राहतो, आत येत नाही. तुम्हाला हे पटेल न पटेल. कचेरीत बसल्यावर मलाही पटायचं नाही. पण आई जेवायला बसायच्या आधी दाराकडे बघायची, आणि मग घास तिच्या हातातच राहायचा, तेव्हा पटायचं.

हे मी एकदा त्याच्यापाशी बोललो. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मंग चला की. गाडी हाय. रस्ता जिथं संपतो तिथवर जाऊ."

असा आमचा उत्तरेचा प्रवास ठरला. कारगिलची लढाई व्हायच्या आधीची ही गोष्ट. आम्ही दोघं, शाळेतले एक गुरुजी आणि किराणा दुकानवाले एक शेठजी. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोलणं आमच्यापेक्षा घोडेगावचं. बाकीच्या तिघांना दुनिया बघायची होती. माझं काम एकच होतं.

निघायच्या दिवशी जीप निमगावला आली. आईनं सगळ्यांच्या हातावर दही घातलं आणि दगड गुंडाळायला एक लाल खण दिला, तोही त्याच्याच हातात. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला.

"मावशी, काळजी करू नका. तुमचा ल्योक घरी आणून सोडतो."

हे शब्द त्याचे. मी एक अक्षर पदरचं घातलेलं नाही.

प्रवास मात्र बहारीचा झाला, तेही सांगायला हवं. आग्र्याला त्यानं गाईडला हाकलून दिलं आणि स्वतःच माहिती सांगायला लागला. थोड्या वेळानं बघतो तर अकोल्याकडचं एक कुटुंब आमच्या मागं मागं फिरतंय आणि माना डोलावतंय. गुरुजी मधेच म्हणाले, "अरे, सन चुकला तुझा." तो म्हणाला, "गुरुजी, सन तुमच्यापाशी ठिवा, मजा माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या." शेठजींचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला लागायचं, त्यामुळं ऊन कललं की जीप थांबायचीच. डबे उघडायचे, खाकरे निघायचे, आणि तो पंजाबातल्या शेतांकडे बोट करून म्हणायचा, "बघून घ्या. असलं काळं रान आपल्याला न्हाई दिलं देवानं." जमीन काळी नव्हतीच. पण आम्ही बघून घेतली.

रोहतांगला बर्फ लागला. शेठजी खाली उतरेनात. पाण्यात जीव असतात, मग बर्फातही असणार, पाय कसा ठेवायचा? तो म्हणाला, "शेठ, आसले तरी गारठून झोपलेत. हळू चाला म्हंजी झालं." आणि शेठजी खरोखर पाळण्यापाशी चालावं तसे पावलं टाकत चालले. मी किती तरी दिवसांनी पोटभर हसलो होतो.

त्या जीपचा हँडब्रेक धरत नसे. म्हणून चढ-उताराला गाडी थांबली की चाकामागं लावायला एक दगड बरोबर असायचा. घोडनदीतला काळा दगड, नारळापेक्षा थोरला. मधोमध घळ पडलेली, तिच्यात नायलॉनचा दोर बांधलेला, म्हणजे चाकाखालून ओढून काढता यावा. उडी मारून दगड लावायचं काम माझ्याकडे होतं. घोडेगावापासून लेहपर्यंत जितके घाट लागले, तितक्या घाटांत तो दगड माझ्या हातून गेला. त्याचं वजन, त्याची घळ, त्याच्या एका कडेला असलेल्या पांढऱ्या गारेच्या ठिपक्या, सगळं हाताला पाठ झालं होतं.

लेहला पोचलो आणि मी आडवा झालो. डोकं फुटायची वेळ आली, पाणी पोटात ठरेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याच्यावर एक पाऊल चढायचं नाही, आज नाही आणि यापुढं कधीच नाही. छाती तेवढी बळकट नाही, परततानाही बुटक्या खिंडींची दुसरी वाट धरायची. इतका लांब आलो आणि दाराशी येऊन पडलो, म्हणून मी उशीत तोंड घालून पडलो होतो. तर तो आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आमी कशाला हाय मंग?" सकाळी तिघं जण लाल खण घेऊन निघाले.

दुपार कलता कलता परत आले. खणात बांधलेलं जड गाठोडं त्यानं माझ्या उशाशी ठेवलं.

"भाऊसाहेब, आणला."

आणि मग त्यानं सांगितलं. ते वळण कसं आहे, दरीच्या काठाला तिकडच्या लोकांनी दगडांची रास रचून रंगीत पताका कशा लावल्यात, साताऱ्याकडचा एक जवान कसा भेटला, धाकट्याचं नाव काढल्यावर त्यानं टोपी काढून हातात कशी घेतली. दगड उचलला त्याच्या बुडाशी एक निळं फूल होतं. मी ऐकत गेलो आणि त्याच्या गळ्यात पडून रडलो. बाप गेला तेव्हाही मी कोणाच्या गळ्यात पडलो नव्हतो. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत होते. शेठजी डोकं दुखतंय म्हणून खोलीबाहेर गेले. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

मी गाठ सोडायला गेलो तर त्यानं माझा हात धरला. "आता गाठ मावशीच सोडंल. मधी सोडली तर जीव वाट चुकतो, म्हन्त्यात." असं कोण म्हणतं, हे मी विचारलं नाही.

परतीच्या पहिल्याच उतारावर मी सवयीनं उडी मारली, तर दोर होता आणि दगड नव्हता. "निसटून पडला वाटंत," तो म्हणाला. "तिथला कोणता बी घ्या." मी रस्त्याकडेचा एक पिवळसर, खरबरीत दगड उचलला आणि घरापर्यंत तोच चाकाला लावत आलो.

निमगावला आईनं रीतीप्रमाणं एकटीनं दार लावून घेतलं. गाठ सोडली, दगडाला न्हाऊ घातलं, तेल-शेंदूर चढवला आणि मग आम्हाला आत बोलावलं. शेंदराखाली काय आहे, ते कोणाला दिसणार? त्या दिवशी ती जेवायला बसली आणि तिनं दाराकडे बघितलं नाही.

मग दर धुळवडीला, वीराच्या नैवेद्याला, तो जीप घेऊन निमगावला यायचा. पुरणपोळी खायचा आणि देवघराच्या उंबऱ्यापाशी बसून आईला ती सगळी हकिकत पुन्हा सांगायचा. आईला तोंडपाठ होती, तरी विचारायची.

"आन् फूल कसलं व्हतं रं?"

"निळं, मावशी. जवसाला फूल येतं ना, डिट्टो तसं."

आई डोळे मिटून घ्यायची. मी दारात उभा राहून ते बघायचो आणि मनात म्हणायचो, सख्ख्यानं केलं नसतं ते यानं केलं. एवढा मान मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिला नाही.

अशी काही वर्षं गेली. एका साली घराला गिलावा करायचा म्हणून देवघर हलवायचं ठरलं. आई म्हणाली, वीराला तूच उचल. मी उचलला, आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराची जाड खोळ अंड्याच्या टरफलासारखी तडकून खाली पडली. आईनं लगेच हात जोडले. खोळ सुटली म्हणजे देवानं कात टाकली, शुभ असतं ते.

"जा, त्याला घिऊन ये," ती म्हणाली. "नवा शेंदूर त्याच्या हातानं चढवू. त्यानंच आणलाय न्हवं माझा बाळ."

माझ्या हातात काळा दगड होता. मधोमध घळ होती. कडेला पांढऱ्या ठिपक्या होत्या. हाताला कधीच कळलं होतं, डोकं मात्र मानायला तयार नव्हतं. आमच्या घोडनदीचा दगड, ज्याला मी घोडेगावापासून लेहपर्यंत चाकाखाली ढकलला होता, त्याच्यापुढं माझी आई इतकी वर्षं पदर पसरत होती.

तसाच घोडेगावला गेलो. आधी शेठजींच्या दुकानात शिरलो. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि तागडी खाली ठेवली.

"मी तेव्हाच बोललो होतो त्याला, देवाच्या कामात खोटं नको. पण तो कुणाचं ऐकतो का?"

"तुम्ही मला नाही बोललात शेठजी."

"तुम्ही इतके रडत होता," ते म्हणाले.

म्हणजे गुरुजींना माहीत, शेठजींना माहीत. इतक्या धुळवडी गेल्या, आणि एक मी आणि एक माझी आई, आम्ही दोघंच येडे.

तो स्टँडवर जीपमध्ये बसला होता. मला बघून हसला. "या भाऊसाहेब. मावशी बरी हाय?"

"शेंदराची खोळ निघाली," मी म्हणालो.

त्याचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, मग गेलं. नाकबूल झाला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं सगळं सांगितलं. खिंडीपलीकडं जायला परवाना लागत होता. उद्या या, म्हणाले. गुरुजींची रजा संपत आली होती. उगा बसून काय करायचं, म्हणून तिघं सिंधूचा संगम बघायला गेले. तिथं आंघोळ केली, खाकरे खाल्ले. परत येताना माझी आठवण झाली.

"एक दिवस," मी म्हणालो. "एक दिवस थांबायचं होतं रे. मला सांगितलं असतंस तर मी महिनाभर पडून राहिलो असतो तिथं."

तो फडकं घेऊन आतून काच पुसायला लागला.

"बरं, नाही थांबलास. मग तिकडचाच एखादा दगड तरी आणायचास. कुठला का असेना, त्या मुलखाचा तर असता."

तेव्हा त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मला रागसुद्धा नीट आला नाही. म्हणाला, "बघितले की तिथले दगड. पिवळे, भुसभुशीत, मातीच्या ढेकळावानी. असला कुटं वीर आसतो व्हय? मावशीला पटलं नस्तं. देव म्हंजी काळाच पायजे. आन् गाडीत काळा एकच व्हता."

आणि त्या मुलखाचा पिवळा दगड मी वाटभर चाकाला लावत आलो होतो. तो कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाला, इथंच स्टँडवर कुठं तरी टाकला असेल.

"मावशी आता नीट जेवती ना?" त्यानं हळूच विचारलं.

त्याची सगळी मखलाशी या एका प्रश्नात होती. जेवत होती, हे खरंच होतं. मी म्हणालो, "पुन्हा निमगावला पाय ठेवायचा नाही," आणि निघून आलो.

आईला काय सांगणार? तो सुरतेला गेलाय, असं सांगितलं. नवा शेंदूर तिनंच चढवला. पुढच्या धुळवडीला तिनं ताट वाढून ठेवलं आणि दाराकडे बघत बसली. आता वाट त्याची होती. दुसऱ्या वर्षीही बसली. मग सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, समोर बसवून तीच ती हकिकत सांगायला लागली, त्याच्याच शब्दांत, पताका, जवान, जवसाचं फूल. मी उठून गोठ्यात जायचो. माझ्या घरात माझ्या आईच्या तोंडून तो खोटं बोलत होता, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

आई गेली तेव्हा तो आला. कोणी कळवलं, ठाऊक नाही. तिरडीला खांदा दिला. चार माणसांत मी काय बोलणार? सगळं उरकल्यावर नदीकाठी तो माझ्याजवळ आला. दाढी पांढरी झाली होती.

"भाऊसाहेब, पुन्यांदा जाऊ. तुमी लेहला थांबा, मी वर जाऊन येतो. ह्या खेपंला खरंच जातो."

"आणि तू खरंच जाऊन आलास, हे मला कोण सांगणार?" मी म्हणालो. "तूच ना?"

तो तसाच उभा राहिला आणि मी घरी आलो. नंतर आम्ही भेटलो नाही.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. दहावं झाल्यावर त्याचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. हातात पिशवी, पिशवीत पंच्यात बांधलेला दगड. "बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं," म्हणाला. मी विचारलं, कुठला आहे? त्याला ठाऊक नव्हतं. मावशी गेल्या त्या उन्हाळ्यात बाबा जीप घेऊन बरेच दिवस बाहेर होते, सुरतेला जातो म्हणाले होते, एवढंच तो सांगू शकला.

दगड पिवळसर आहे. खरबरीत, नख लावलं तर भुगा निघतो. गुरुजींना दाखवला, ते म्हणाले, तिकडचा असू शकेल. शेठजी म्हणाले, स्टँडमागच्या ढिगाऱ्यातलाही असू शकेल. देवघरात काळ्याला अजून शेंदूर चढतोय, कारण आईनं बसवला तो मला उठवता येत नाही. हा माझ्या टेबलावर आहे. आत नेऊन मांडवत नाही आणि बाहेर टाकवत नाही.

रोज सकाळी कामाला बसताना तो पुढ्यात येतो आणि वाटतं, तो असता तर त्याला विचारलं असतं. त्यानं सांगितलंही असतं, अगदी रंगवून, वळणासकट, फुलासकट. आणि मी त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नसता.